नाण्याआडचे उत्तर



पनवेल तालुक्यातील एका कातकरी वाडीवर मी पाहणी केली. प्रश्न होता, “वीटभट्टीची उचल घेतली आहे का?” घरोघरी एकच उत्तर मिळाले, “नाय ताई.” दिवाळीनंतर पाहते तर निम्मी वाडी भट्टीवर गेलेली! मुकादमाचा माणूस त्या दिवशी माझ्या मागेच उभा होता, हे मला कळलेच नव्हते. दोष त्या लोकांचा नाही, माझ्या विचारण्याचा होता.

उचलीपायी सक्तीने राबवून घेणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. म्हणून किती घरे अडकली आहेत हे कळायला हवे. पण कोणते घर, हे आपल्या कागदावरही येता कामा नये.

अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये यावर वाट दाखवली. तिचेच एक सोपे रूप असे. बाईच्या हाती नाणे द्यायचे. तिने आडोशाला ते उडवायचे, आपण पाहायचे नाही. छापा पडला तर “हो” म्हणायचे. काटा पडला तर खरे काय ते सांगायचे. तिचे “हो” ऐकून मला नक्की काही कळत नाही, मुकादमालाही नाही.

आता हिशोब. समजा 100 घरांतून 70 “हो” आले. त्यांतले सुमारे 50 नुसत्या छाप्याचे. उरले 20, तेही काटा पडलेल्या 50 घरांतले. म्हणजे 40 टक्के घरांवर उचल आहे.

आमच्या एका सेविकेने विचारले, “ताई, मत्तय 5:37 शिकवून आपणच त्यांना खोटे बोलायला लावायचे का?” प्रश्न रास्त होता. आम्ही वाक्य बदलले: “छापा पडला किंवा उचल घेतली, यांतले एक तरी खरे आहे का?” आता प्रत्येक “हो” खरेच असते.

या पद्धतीत चूकही वाढते, हे लपवू नये. वरचे 40 टक्के प्रत्यक्षात 22 ते 58 च्या दरम्यान कुठेही असू शकतात. वीस घरांच्या वाडीत तर आकड्याला काही अर्थच नाही. अनेक वाड्या एकत्र मोजाव्या लागतात.

शिवाय नाणे म्हणजे एकांत नव्हे. खाडीपलीकडे देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. आम्हीही आता कोणी जवळ आले की वही मिटतो आणि पोरांच्या शाळेबद्दल बोलू लागतो.

पुढची पाहणी पावसाळ्यात, सगळे वाडीवर परतल्यावर.