जुन्या वस्त्रांचे दुकान आणि बोहारणीचे ज्ञान

नाशिक जिल्ह्याचे आणि कापडाचे नाते जुने आहे. येवल्याच्या हातमागावर पैठणी विणली जाते, मालेगावच्या यंत्रमागांवर कापडाचे तागे निघतात. परंतु विणलेले वस्त्र जुने झाल्यावर त्याचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. अलीकडे जुनी, निवडक वस्त्रे विकणारी छोटी दुकाने शहरांतून दिसू लागली आहेत. असा व्यवसाय अल्प भांडवलात उभा राहू शकतो. त्यातील खरी कसोटी मात्र विक्रीची नसून खरेदीची आहे. कारण येथे घाऊक व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवून माल मिळत नाही. तो घराघरांतील कपाटांतून मिळवावा लागतो.

ही विद्या महाराष्ट्रात नवी नाही. दुपारच्या वेळी भांड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण सर्वांच्या परिचयाची आहे. साडी उजेडासमोर धरून ती विरळ झालेली जागा क्षणात हेरते. सदऱ्याची कॉलर, विजारीचे गुडघे, उसवलेली शिवण पाहते आणि मनातल्या मनात हिशेब करून एक पातेले पुढे सरकवते. घासाघीस दोन्ही बाजूंनी होते, आणि ती पाहण्यासारखी असते! पुढे या कपड्यांची प्रतवारी होते. धडके कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात जातात. मऊ सुती लुगडी गोधडीसाठी उपयोगी पडतात. अगदी फाटक्या सुती कापडाच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी वापरल्या जातात, तर लोकरीच्या जुन्या कपड्यांपासून पानिपत येथे पुन्हा सूत काढले जाते. ज्याला दुकान थाटावयाचे आहे, त्याने प्रतवारीचे हे ज्ञान प्रथम आत्मसात केले पाहिजे.

जुनी पैठणी

नाशिकच्या दृष्टीने यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जुनी पैठणी. अस्सल जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे जीर्ण पैठणीचा भाव पुष्कळदा तिच्यातील चांदीवरून ठरला. काठपदर जाळून चांदी काढण्यात आली आणि कित्येक कुशल विणकरांचे काम राखेत गेले. पैठणीला भौगोलिक मानांकन लाभले ते २०१० साली. तोपर्यंत किती नमुने नष्ट झाले, त्याची गणती नाही.

दुकानदाराने पदराची मागची बाजू अवश्य पाहावी. हातविणीच्या पदरात रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी साधलेली असते, म्हणून मागे सुटे धागे लोंबत नाहीत. मोर, मुनिया दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. असे वस्त्र वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवले तर घडीवरच चिरते. ते मऊ सुती कापडात गुंडाळावे, घडी अधूनमधून बदलावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पदर कापून उशांचे अभ्रे शिवणे सोपे आहे, पण ते साडी पूर्णपणे निकामी झाल्यावरच करावे.

दुकानाचा व्यवहार

प्रत्येक वस्त्र कोणाकडून, केव्हा व किती किमतीस घेतले याची वही ठेवणे अगत्याचे आहे. चोरीचा माल नकळत घेतला जाण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. शिवाय वस्तू व सेवा कराच्या नियमांत वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदी व विक्री किमतींतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे, तिचा लाभ घेण्यासही हीच वही उपयोगी पडते. डाग, रफू, बदललेला काठ गिऱ्हाइकाला आधीच दाखवावा. जागा निवडताना गोदावरीचा विसर पडू नये. ऑगस्ट २०१६ च्या पुरात सराफ बाजार व भांडी बाजारात पाणी शिरले होते, आणि भिजलेले रेशीम पूर्ववत होणे कठीण.

बोहारणीची नोंद

दुकानाला नाव असते, पाटी असते. बोहारणीला यांपैकी काहीच नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मधील व्याख्येत फिरून विकणाऱ्यांचाही समावेश आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांतून निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. मात्र सर्वेक्षण रस्त्याकडेला बसलेल्यांपुरतेच मर्यादित राहिले, तर दारोदार फिरणारी स्त्री नोंदीतून सुटते. प्रमाणपत्र अथवा शिफारसपत्र नसेल, तर २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेचे कर्जही तिला मिळणे अवघड होते. बोहारीण पैशांऐवजी भांडी देते. तेव्हा तिचा धंदा विक्रीत मोडतो की नाही, अशी शंका नोंद करणाऱ्यास येऊ शकते. पण गोळा केलेले कपडे ती बाजारात विकते, हे त्याने ध्यानी घ्यावे आणि ती घरी परतल्यावर, सायंकाळी, तिच्या वस्तीत जाऊन नाव लिहून घ्यावे.