राख कुठे जाते?



युवकांच्या मागच्या बैठकीत एकाने विचारले, "फादर, सूर्यात तयार होते तशी ऊर्जा पृथ्वीवर तयार करणारे यंत्र येणार आहे म्हणतात. मग कोळशाची आणि राखेची चिंता कशाला?" त्या दिवशी वेळ पुरला नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

उमरेडच्या कोळसा खाणी आपल्या शेजारीच आहेत. आपल्या देशातील कोळशात राख फार, साधारण 30 ते 45 टक्के. कोळशापासून एक युनिट वीज तयार झाली की मागे जवळजवळ पाव किलो राख उरते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घरामागे 25 किलो, म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते! घरात ती दिसत नाही, कारण ती कोराडी-खापरखेड्याकडे साठते. 16 जुलै 2022 रोजी पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राख कोलार नदीत आणि तेथून कन्हानमध्ये गेली. नागपूरचे बरेच पिण्याचे पाणी कन्हानमधूनच येते. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले तेथे शिकतात, नोकरी करतात.

आता त्या यंत्राविषयी. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत लेसरच्या 2.05 मेगाज्यूल ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल मिळाली. बातमी खरी आहे. पण ते लेसर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती. फ्रान्समधील 'इटर' प्रकल्पात 2005 पासून भारतही सहभागी आहे. त्याचे प्रचंड शीतपात्र गुजरातमधील हजिरा येथे घडले, याचा अभिमान वाटतो. मात्र 2024 च्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथील संशोधन 2034 मध्ये सुरू होईल, आणि इटर स्वतः वीज देणारच नाही. तो प्रयोग आहे. शिवाय अशा यंत्राच्या आतील भिंतीही किरणोत्सारी होतात. तोही कचराच, जरी कमी काळ टिकणारा.

सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटलचा एक भेद आम्हाला घोकावा लागला: जे होऊ शकते ते वेगळे, जे झाले आहे ते वेगळे. बी म्हणजे मिरची नव्हे, हे भिवापूरकरांना सांगायला अ‍ॅरिस्टॉटल नको. बी जपावे, पण आजच्या भाजीत ते घालता येत नाही. इकडे 2023 मध्ये कोराडीत 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली.

आज हाती आहे ते साधेच आहे. राखेपासून विटा होतात, सिमेंटमध्ये ती मिसळतात, रस्त्याच्या भरावात घालतात. सगळी राख वापरलीच पाहिजे, असा केंद्र सरकारचा 2021 चा नियमही आहे. आणि मुळात वीज कमी जाळली तर राखच कमी. मिस्सा संपल्यावर चर्चमधले पंखे तासभर फिरत राहतात, हा दोष मात्र आमचा.

आवाराच्या भिंतीचे काम पावसाळ्यानंतर काढायचे आहे. लाल विटा आणि राखेच्या विटा, दोन्हींचे भाव मागवले आहेत. ते पुढच्या रविवारी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवू.