रात्री हाताला मुंग्या येतात?

धुणीभांडी, झाडलोट, शिलाई करणाऱ्या कितीतरी बाया सांगतात, "रात्री हात बधिर होतो, झटकला की बरं वाटतं." बहुतेकींना कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. हात हातात घेऊन कुणी बघतच नाही.

बधिर नेमकी कोणती बोटं होतात ते आधी पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि करंगळी ठीक, तर मनगटात नस दबत असावी. दोन्ही मनगटं पूर्ण वाकवा, बोटं जमिनीकडे, पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवा, एक मिनिट थांबा. मुंग्या आल्या तर शंका बळावते. मग दोन्ही तळहात शेजारी धरा. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग एका हाताला बसलेला दिसला, तर नस फार दिवस दबलेली आहे. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर ऑपरेशननंतरही ताकद पूर्ण येईलच असं नाही. लवकर गेलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा अनेकींना पुरतो. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईडमध्येही हे होतं, म्हणून साखर तपासून घ्या.

करंगळी बधिर आणि अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. लपवलं तर बोटं वाकडी होतात.