आईचा कॅन्सर परत आलाय, मुलांना काय सांगायचं?

पहिल्या खेपेला तुम्ही सगळं निभावलंत. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. 'आई बरी झाली' असं मुलांना सांगूनही टाकलंत. आता कंबर दुखते म्हणून तपासणी केली, तर स्तनाचा कॅन्सर हाडांत पोहोचलाय. रिपोर्ट हाती येताच तुम्हा आई-बाबा दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघतं: पोरांना एवढ्यात कळू द्यायचं नाही.

तुमची माया मला कळते. पण मुलांना सुगावा लागलेला असतोच. तुम्ही फोन घेऊन गॅलरीत जाता, मावशी सुट्टी नसताना गावाहून येते. मी आईशी भांडले म्हणून असं झालं का? तिचं उष्टं खाल्लं तर मलाही होईल का? धाकटी हे विचारणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा. कुणाच्या वागण्यामुळे कॅन्सर होत नाही, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आईच्या कुशीत खुशाल झोप. पेट स्कॅनच्या दिवशी मात्र काही तास लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात, कारण इंजेक्शनमधलं औषध किरणोत्सारी असतं. तेही आधीच समजावा. नाहीतर आईनं जवळ घेतलं नाही, एवढंच तिच्या मनात राहतं.

"आई बरी होणार ना?" इथे जीभ अडखळते. स्तनाचा कॅन्सर हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत गेला की तो सहसा मुळापासून जात नाही. औषधांनी आटोक्यात ठेवतात, काहींचा कितीतरी वर्षं. एक औषध लागू पडेनासं झालं की दुसरं देतात. मुलांना असंच सांगा: "हा आजार जाणार नाही, पण डॉक्टर त्याला आवरून धरताहेत. काही बदललं तर आम्हीच तुला सांगू." आणि तो शब्द पाळा. रडू आलं तर त्यांच्यासमोर रडा.

बाबा, डबा कोण भरणार, क्लासहून कोण आणणार, हे मुलांना आदल्या रात्रीच कळू दे. आणि थोरलीला कुणी "आता तूच घरातली आई" म्हणालं, तर त्या माणसाला तिथल्या तिथे थांबवा. पंधरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे ओझं घालायचा हक्क कुणालाच नाही, आजीलाही नाही. तिच्या मनात वेगळीच धास्ती असते: मलाही होईल का? स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. जनुकांची चाचणी आधी आईची करतात; मुलीचा प्रश्न येतो तो ती सज्ञान झाल्यावर.

आई, तुम्ही दुखणं गिळत बसू नका. विव्हळणं दाराआडूनही ऐकू जातं. वेदना कमी करणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर म्हणजे शेवट जवळ आला, असं मुळीच नाही. चालू उपचारांबरोबरच त्यांची मदत घेता येते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिनचं नाव ऐकून दचकू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर त्याचं व्यसन लागण्याची भीती फार थोडी. दुखणं उतरलेल्या दिवशी तुम्हाला मुलीची वेणी घालता येते, तिची बडबड ऐकता येते.

आणि या आठवड्यात वर्गशिक्षिकांना भेटून या. 'माझी आई' हा निबंध कधीतरी फळ्यावर येणारच. त्याआधी बाईंना माहीत असू दे.