बाबू, किल मोजू नको

गेम बनवायला शिकायचंय म्हणतोस, तर पुण्या-बंगळुरूच्या कोर्सची फी भरायच्या आधी इथंच, यवतमाळात, चार पोट्टे जमव आणि लॅनवर काउंटर-स्ट्राइक १.६ लाव. ही २००३ सालची आवृत्ती आहे, होस्टेलातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही पळते. मिन ली आणि जेस क्लिफ या कॉलेजात शिकणाऱ्या दोघांनी मूळ गेम १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड, म्हणजे बदललेलं रूप, म्हणून फुकट दिला. व्हॉल्व्ह कंपनीनं पुढच्याच वर्षी तो बाजारात आणला. म्हणजे शिकतानाच केलेलं काम आहे ते. आता खेळताना किल मोजायचे नाहीत, काय बघायचं ते ऐक.

मेल्यावर उठून जाऊ नको. राउंड संपेपर्यंत बसून बघावं लागतं, ही शिक्षा मुद्दाम ठेवलीय. तिच्यामुळंच जो तो जीव जपून खेळतो. तेवढ्या वेळात कोण कुठं दबा धरून बसलंय आणि कोणत्या दारानं कुणी गेलंच नाही, ते बघ.

पैशाचा हिशेब मांड. शस्त्रं घ्यायला सुरुवातीला ८०० डॉलर, एके-४७ ला २,५००, एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीला ४,७५०. हरलेल्या टीमलाही पैसे मिळतात, सलग हरली तर आणखी वाढवून मिळतात. काहून? हरणाऱ्याला पुढच्या राउंडची आशा उरली पाहिजे, नाही तर तो माउस ठेवून चहाला जाईल.

घड्याळ बघ. एका टीमनं लावलेला बॉम्ब ४५ सेकंदांत फुटतो. दुसऱ्या टीमला तो निकामी करायला १० सेकंद, २०० डॉलरचं किट असलं तर ५. कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा नसती तर गडी मध्यरेषेवरच घिरट्या घालत बसला असता, तसंच हे.

नकाशा कागदावर काढ. डेव्ह जॉन्स्टननं २००१ मध्ये केलेला डस्ट-टू घे. हातात चाकू घेऊन दोन्ही बाजूंनी पळ आणि 'लाँग' म्हणतात त्या लांब वाटेच्या दारापर्यंत किती सेकंद लागतात ते मोज. दोन्ही टीम जवळपास एकाच वेळी तिथं पोचतात. टक्कर कुठं व्हावी हे नकाशा करणाऱ्यानं आधीच ठरवलंय.

कान उघडे ठेव. पळालास तर पाय वाजतात. शिफ्ट दाबून चाललास तर वाजत नाहीत, पण वेळ जातो. प्रत्येक सोयीची काहीतरी किंमत लावलेली आहे. ती शोधत जा.

एका वेळी एकच आकडा बदल. स्वतःचा सर्व्हर काढ, कन्सोल उघड आणि सुरुवातीचे पैसे १६,००० कर. सगळे एडब्ल्यूपी घेतील, आणि खरेदीत विचार करण्यासारखं काही उरणार नाही. मग पैसे पूर्ववत करून बॉम्बची वेळ कमी कर. त्यानंतर गुरुत्वाकर्षण ८०० वरून ४०० वर आण. दोन आकडे एकदम बदललेस तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

वही ठेव. "मजा आली" एवढंच लिहून भागत नाही. मजा नेमकी कुठं आली आणि ती कोणत्या नियमामुळं, हे लिही.

शेवटचं. हॅमर एडिटरमध्ये साध्या राखाडी भिंतींचा छोटा नकाशा कर आणि पोट्ट्यांना खेळायला बसव. तू खेळू नको, कुठून जायचं तेही सांगू नको, मागं उभा राहून नुसतं बघ. ते जिथं अडकतील ती चूक तुझी समज, आणि त्याच रात्री दुरुस्त कर.