व्हायरस गेला, संदेश उरला

तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना एक तक्रार हमखास येते. अँटिव्हायरसने साफसफाई झालेली असते, स्कॅनमध्ये काही सापडत नाही, तरी लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर चौकट उभी: अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, मॉड्यूल सापडलं नाही. माणूस धास्तावतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. ही चौकट कशी काढायची, ते कामातून उमगलं तसं सांगतो.

१. आधी वाचा, मग ओके दाबा.
चौकटीच्या माथ्यावर ‘रनडीएलएल’ असेल तर एखादी डीएलएल फाइल मागितली जातेय. ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ असेल तर एखादी स्क्रिप्ट. खाली त्या फाइलचा पत्ता असतो. तो ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधला असेल आणि फाइलचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी असेल, तर संशयाला जागा आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं काम त्या पत्त्यावरून चालतं.

२. फाइल गेली, नोंद राहिली.
शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावर तसंच राहिलं, तर रोज सकाळी ते पुकारलं जाणारच. अँटिव्हायरसने फाइल काढली, पण ‘सुरू होताना ही चालव’ अशी विंडोजमधली नोंद राहिली. शोधायची ती नोंद.

३. हरवलेली फाइल परत आणू नका.
‘डीएलएल मोफत डाउनलोड’ म्हणणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका आणि क्वारंटाइनमधली फाइलही सोडवू नका. गेलेलं दुखणं पुन्हा घरात येईल. ‘रनडीएलएल३२’लाही हात लावू नका. तो विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम आहे, त्याचं काम फक्त दुसऱ्याची फाइल चालवण्याचं.

४. चारही जागा बघा.
पुष्कळ जण टास्क मॅनेजरची स्टार्टअप यादी पाहून थांबतात. पण टास्क शेड्युलरमधली कामं तिथे दिसत नाहीत, आणि नोंद पुष्कळदा शेड्युलरमध्येच असते. स्टार्टअप फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या ‘रन’, ‘रनवन्स’ या कीसुद्धा तपासा. हे सगळं एका जागी दाखवणारं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन माझ्या फार उपयोगाचं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. ज्या नोंदीची फाइल जागेवर नाही, ती ओळ त्यात पिवळी दिसते. पत्ता फोटोशी ताडून पाहा. आधी फक्त टिक काढा, मशीन पुन्हा सुरू करा, सगळं ठीक चाललं की मगच नोंद पुसा.

५. रजिस्ट्रीत घाई नको.
बदलाआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. ‘विनलॉगऑन’खाली ‘शेल’ आणि ‘यूजरइनिट’ या दोन ओळी असतात. काही व्हायरस तिथे आपलं नाव जोडतात. तेवढंच जोडलेलं काढायचं, मूळ ओळ ठेवायची. ‘यूजरइनिट’ची ओळच उडाली तर पासवर्ड टाकूनही मशीन पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर येऊन थांबतं.

६. चौकट पुन्हा आली तर सावध व्हा.
काढलेली नोंद परत उगवली, म्हणजे ती लिहिणारं कुणीतरी आत आहे. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करा. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच ते चालतं आणि साधारण पंधरा मिनिटं घेतं. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

७. पेनड्राइव्ह विसरू नका.
एका शिक्षिकेच्या लॅपटॉपवरची स्क्रिप्टची चौकट काढून झाली. मी म्हटलं, ‘मॅडम, पेनड्राइव्हही द्या.’ त्यात निकालपत्रकांच्या जागी नुसते शॉर्टकट होते. खऱ्या फाइल लपवलेल्या. ‘ॲट्रिब’ कमांडने त्यांच्यावरचे हिडन आणि सिस्टिम हे शिक्के काढले, तेव्हा सगळी पत्रकं जागच्या जागी निघाली. शॉर्टकट आणि त्यांच्यामागची स्क्रिप्ट पुसली. हेच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून, शाळेच्या लॅबमधून फिरत असतात. म्हणून तेही तपासल्याशिवाय काम पुरं होत नाही.

८. फॉरमॅट शेवटी.
ऑफलाइन स्कॅननंतरही लागण हटत नसेल, तर बॅकअप घेऊन खुशाल विंडोज नव्याने टाका. पण केवळ एका अनाथ नोंदीपायी कुणाची टॅली, कुणाचे लग्नाचे फोटो पणाला लावू नयेत. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती: कोणती नोंद, कुठून काढली, ते बिलावर लिहून द्या. पुढच्या वेळी ग्राहक चौकट पाहून घाबरणार नाही, आधी पत्ता वाचेल.