यीस्टमधील पाणचक्की

आपल्या वेळापुराच्या परिसरांत ऊस पिकतो. उसाची मळी आंबवून मद्यार्क करणारें यीस्ट म्हणजे एक अतिसूक्ष्म बुरशीच होय. तिच्या पेशींतील तंतुकणिकांच्या आंतल्या पडद्यांत ए.टी.पी. हें शक्तिद्रव्य घडविणारें एक यंत्र असतें. त्याचें चाक ‘सी’ नांवाच्या दहा सारख्या घटकांचें आहे, असें केंब्रिज येथील संशोधकांनीं १९९९ सालीं दाखविलें.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचें चाक जसें पाण्याच्या जोरानें फिरे, तसें हें चाक हायड्रोजनच्या धनभारित कणांच्या ओघानें फिरतें. प्रत्येक घटक एकेक कण वाहतो. म्हणून एका फेऱ्यास दहा कण लागतात, आणि तेवढ्यांत तीन ए.टी.पी. तयार होतात.

ऑलिगोमायसीन नांवाचें द्रव्य या घटकांस चिकटलें कीं चाक थांबतें. साखर असल्यास यीस्ट नुसत्या आंबविण्यावर तग धरतें; पण त्यांत एका ग्लुकोज-रेणूपासून दोनच ए.टी.पी. मिळतात. आपल्या पेशींतही असेंच चाक आहे, आठ घटकांचें. तें थांबल्यास मात्र आपलें हृदय व मेंदू चालूं शकत नाहींत. मळींतील ही क्षुद्र बुरशी आपल्याच जीवाचें यंत्र आपणांस उघडून दाखविते.